फळांच्या सालीवरील बुरशी आणि तिची जैवसक्रिय द्रव्ये : गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी प्रयोगाची वाटचाल

पिकलेले फळ कितीही स्वच्छ दिसले तरी त्याची साल निर्जंतुक नसते. मानकुराद आंब्याच्या देठापाशी, काजूच्या बोंडूच्या सुरकुत्यांत, भिरंडाच्या (कोकमाच्या) देठाखालच्या खाचेत आणि करवंदाच्या वाळलेल्या चिकावर बुरशीचे बीजाणू व यीस्टच्या पेशी वस्तीला असतात. तेथे अन्न थोडे, ऊन कडक आणि शेजारी पुष्कळ. अशा जागी टिकून राहण्यासाठी अनेक बुरशी अशी द्रव्ये तयार करतात की ज्यांनी शेजारच्या जिवाणूंची किंवा दुसऱ्या बुरशींची वाढ रोखली जाते. या द्रव्यांना दुय्यम चयापचयाची द्रव्ये म्हणतात. त्यांतील काही औषधे ठरली, काही विषे ठरली आणि काही आधी औषध वाटून नंतर विष ठरली.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात किंवा एमएस्सीला असलेल्या आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. घरच्या स्वयंपाकघरात यातील काहीही करू नये. या कामात बुरशी सापडणे मुळीच अवघड नाही, ती पहिल्याच प्लेटवर सापडते. अवघड असते ते दोन प्रश्नांची उत्तरे देणे : जी बुरशी सापडली ती खरोखर त्या फळावरची होती का, आणि जो परिणाम दिसला तो खरोखर तिच्या द्रव्याचा होता का? पुढची प्रत्येक कृती या दोन प्रश्नांसाठी आहे, आणि ज्या पायरीने त्यांच्या उत्तरात भर पडत नाही ती पायरी गाळली तरी चालेल असे माझे मत आहे.

हा आग्रह कशासाठी, ते दोन जुन्या उदाहरणांवरून स्पष्ट होईल. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलिनचा परिणाम दिसला, परंतु त्यांच्या बुरशीपासून द्रव्य फारच थोडे मिळत असे. मोठ्या टाक्यांत उत्पादन होण्यासाठी अधिक सक्षम वाणाची गरज होती, आणि तो वाण १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे बुरसलेल्या खरबुजावर सापडला. तेथील प्रयोगशाळेने त्याला क्रमांक दिला, तो जपून ठेवला आणि इतर प्रयोगशाळांना दिला, म्हणून पुढचे काम होऊ शकले. दुसरे उदाहरण पॅट्युलिनचे. सफरचंद कुजवणारी पेनिसिलियम एक्सपान्सम ही बुरशी ते तयार करते. प्लेटवर त्याने जिवाणू मरतात, म्हणून १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये ते सर्दीवर वापरून पाहण्यात आले. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या नियंत्रित चाचणीत त्याचा सर्दीवर काहीही उपयोग दिसला नाही. आज पॅट्युलिन विष म्हणून ओळखले जाते आणि सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशी मर्यादा भारतातही आहे. प्लेटवरचा स्वच्छ गोल म्हणजे औषध नव्हे, ही गोष्ट इतक्या ठळकपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

फळांशी संबंध असलेल्या बुरशींची देणगी मात्र जिवाणुनाशकांपुरती नाही. आंब्याची देठकूज करणाऱ्या लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी या बुरशीच्या संवर्धन द्रवातून १९७१ साली जॅस्मोनिक आम्ल वेगळे करण्यात आले, आणि तेच द्रव्य वनस्पतींमध्ये संरक्षणाचा संदेश देणारे संप्रेरक आहे असे पुढे स्पष्ट झाले. द्राक्षांवर आणि कांद्यावर काळी पूड धरणारी अस्परजिलस नायजर सायट्रिक आम्ल विपुल तयार करते, हे जेम्स करी यांनी १९१७ साली दाखवले. तिच्यावरच तो उद्योग उभा राहिला, पण याच बुरशीचे काही वाण ऑक्राटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विषही करतात. फळांच्या सालीवर जवळपास सर्वत्र आढळणारी ऑरिओबेसिडियम पुल्युलान्स पुल्युलान नावाची खाद्य पापुद्रा देणारी शर्करा आणि ऑरिओबेसिडिन हे बुरशीरोधक द्रव्य बनवते, शिवाय काढणीनंतरची फळकूज रोखण्यासाठी तिचा जिवंत वापरही होतो. आपल्याकडे फेणीसाठी काजूच्या बोंडूंचा रस पारंपरिक रीतीने बाहेरचे यीस्ट न घालता आंबवला जातो, त्यातही सालीवरून आलेल्या यीस्टचा मोठा वाटा असतो.

फळ निवडणे आणि आणणे

बहुतेक प्रकल्प येथेच बिघडतात, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. बाजारातून आणलेले फळ या कामासाठी घेऊ नये. म्हापशाच्या बाजारातला आंबा झाडावरून टोपलीत, टोपलीतून अढीत आणि अढीतून फळीवर येईपर्यंत अनेक हातांतून गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या सालीवरची बुरशी पेंढ्याची, पोत्याची की झाडाची हे सांगता येत नाही. फळ झाडावरूनच घ्यावे. काजूच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण फेणीसाठी बोंडू जमिनीवर पडल्यावर वेचण्याची रीत आहे. पडलेल्या बोंडूवर मातीतल्या बुरशी काही तासांतच येऊन बसतात. पडलेल्या फळांचा अभ्यास करायचा असेल तर अवश्य करावा, पण तो वेगळा नमुना म्हणून नोंदवावा.

बागेच्या मालकाला फवारणीबद्दल विचारल्याशिवाय फळ तोडू नये. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपारीची गळ होऊ नये म्हणून पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतात, आणि ते खालच्या केळी, जायफळ, मिरी यांच्यावरही उतरते. तांब्याने अनेक बुरशी मरतात व मोजक्या तग धरतात, त्यामुळे अशा फळावरून आलेले चित्र एकांगी असते. आंब्याच्या बागेत मोहोरावर आणि कैरीवर बुरशीनाशक मारलेले असेल तर त्याचे नाव आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहून घ्यावी. हंगामाचाही विचार करावा : काजू, मानकुराद आणि भिरंड उन्हाळ्यात मिळतात, जांभळे पावसाच्या तोंडावर, आणि पहिल्या सरींनंतर सालीवरच्या बुरशींचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही बदलतात. म्हणून पावसापूर्वीचे नमुने आणि पावसानंतरचे नमुने एकाच गटात मिसळू नयेत. म्हादई, नेत्रावळी किंवा भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीतून करवंदे वा रानफळे घ्यायची असल्यास वन खात्याची लेखी परवानगी आधी मिळवावी.

हातमोज्यांवर ७० टक्के अल्कोहोल चोळून, निर्जंतुक केलेल्या कात्रीने देठ थोडा लांब ठेवून फळ कापावे आणि साल हाताला न लागू देता थेट निर्जंतुक पिशवीत पडू द्यावे. एका पिशवीत एकच फळ ठेवावे. पिशवीवर गाव, झाड, फळाची अवस्था, झाडाची बाजू, तारीख, वेळ आणि हवामान लिहावे. पिशव्या बर्फाच्या डब्यातून न्याव्यात, मात्र फळ बर्फाला टेकू देऊ नये, कारण सालीवर पाणी साचले की बीजाणू वाहून एका ठिकाणी गोळा होतात. शक्यतो त्याच दिवशी काम सुरू करावे. ते जमले नाही तर ४ अंश सेल्सिअसला ठेवून २४ तासांच्या आत तरी करावेच. शेतात एक रिकामी पिशवी फळ तोडताना लागेल तेवढाच वेळ उघडी धरून बंद करावी आणि तिच्यावरही पुढची सगळी कृती करावी. तिच्यातून जी बुरशी येईल ती हवेतली समजावी.

सालीवरून प्लेटवर

सालीवरची बुरशी आणि सालीच्या आत राहणारी बुरशी वेगळ्या काढायच्या असतील तर कृतीही वेगळी ठेवावी लागते. वरची बुरशी धुऊन काढतात. ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्यात साबणासारखे काम करणारे ट्वीन ८० हे द्रव्य ०.०५ टक्के मिसळावे, कारण आंब्याच्या आणि जांभळाच्या सालीवरील मेणामुळे नुसते पाणी सालीवर टिकत नाही. असे १०० मिलिलिटर द्रावण व एक फळ निर्जंतुक पिशवीत किंवा रुंद तोंडाच्या बाटलीत घालून शेकरवर २० ते ३० मिनिटे हलवावे. ते पाणी दहापट, शंभरपट आणि हजारपट विरळ करून प्रत्येकाचे ०.१ मिलिलिटर तीन-तीन प्लेटांवर पसरावे.

मोजणीचे गणित एका कल्पित उदाहरणाने सांगतो. शंभरपट विरल द्रवाच्या ०.१ मिलिलिटरमधून ४२ वसाहती आल्या, तर मूळ पाण्याच्या १ मिलिलिटरमध्ये ४२,००० आणि १०० मिलिलिटरमध्ये वसाहत निर्माण करणारी ४२ लाख एकके होती. फळाच्या सालीचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असल्यास दर चौरस सेंटिमीटरला २१,००० एकके होतात. क्षेत्रफळ काढण्यासाठी धुतलेल्या फळाभोवती ॲल्युमिनियमचा पातळ कागद एकच थर बसेल असा गुंडाळावा, जादा भाग कापून उरलेल्याचे वजन करावे, आणि त्याच कागदाच्या १० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाच्या वजनाशी ते ताडावे. वसाहतींची संख्या म्हणजे कवकजालाचे प्रमाण नव्हे. भरपूर बीजाणू करणारी बुरशी मोजणीत जास्त दिसते, आणि ही मर्यादा प्रकल्पाच्या अहवालात लिहिलीच पाहिजे.

आतल्या बुरशीसाठी साल वरून निर्जंतुक करतात : ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ मिनिट, सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे २ टक्के द्रावणात २ मिनिटे, पुन्हा अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणे. मग सालीचे छोटे तुकडे कापून माध्यमावर ठेवतात. शेवटच्या पाण्याचे ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरून पाहावे. त्यावर काही उगवले तर त्या फळाच्या तुकड्यांतून आलेल्या बुरशीला आतली म्हणता येणार नाही. करवंदासारख्या पातळ सालीच्या फळाला ही वेळ जास्त होते, तर आंब्याच्या देठाच्या खाचेला कमी पडते. म्हणून प्रत्येक फळासाठी वेळ आधी तपासून ठरवावी.

माध्यम म्हणून बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर, म्हणजे पीडीए, पुरेसे आहे : २०० ग्रॅम बटाट्याचा उकळून गाळलेला अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगर आणि एकूण १ लिटर पाणी. ते १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करावे. जिवाणू रोखण्यासाठी लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घालावे, ते उष्णता सोसते. स्ट्रेप्टोमायसिन वापरायचे असल्यास माध्यम ५० अंशांच्या खाली आल्यावर घालावे. रायझोपस किंवा म्यूकर दोन दिवसांत साऱ्या प्लेटवर कापसासारखी पसरते आणि हळू वाढणाऱ्या बुरशी तिच्याखाली गुदमरतात, म्हणून निम्म्या प्लेटा रोझ बेंगॉल घातलेल्या माध्यमाच्या ठेवाव्यात. हा रंग उजेडात बुरशीला विषारी होतो, तेव्हा त्या प्लेटा अंधारात ठेवाव्यात. तापमान २५ ते २८ अंश असावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे खोलीचे तापमान यापेक्षा बरेच वर जाते, म्हणून प्लेटा टेबलावर न ठेवता इनक्युबेटरमध्येच ठेवाव्यात.

प्लेटा रोज पाहाव्यात, पण उघडू नयेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी प्लेट भिंगाखाली शांतपणे पाहिली तर पुष्कळ काही समजते. पेनिसिलियमची वसाहत निळसर हिरवी, कडेला पांढरी, आणि अनेकदा तिच्या मधोमध फिकट पिवळ्या द्रवाचे बारीक थेंब मोत्यांसारखे उभे असतात. ते थेंब पाणी नसून बुरशीनेच बाहेर टाकलेला स्राव असतो, आणि त्यात चयापचयाची द्रव्ये असू शकतात. क्लॅडोस्पोरियम ऑलिव्ह हिरवी आणि मखमली दिसते. ऑरिओबेसिडियम सुरुवातीला गुलाबीसर दुधी आणि चिकट, जवळजवळ जिवाणूसारखी वाटते व नंतर कडेने काळवंडते, म्हणून नवशिके ती जिवाणू समजून फेकून देतात. ट्रायकोडर्माच्या काही वाणांचा नारळासारखा वास इनक्युबेटरचे दार उघडताच येतो. तो वास ज्या पायरोन द्रव्याचा आहे तेही बुरशीरोधक आहे. तरीही कोणतीही प्लेट नाकाशी नेऊन हुंगू नये. दोन वसाहतींच्या मधे रिकामी पट्टी राहिलेली दिसली तर त्या दोघींची नोंद आवर्जून करावी, कारण चाचणीसाठी पहिली निवड तेथूनच होते. प्लेटा १४ दिवस ठेवाव्यात. हळू वाढणाऱ्या बुरशी उशिरा येतात आणि पुष्कळदा त्याच अधिक लक्ष वेधतात.

सुरक्षेचा विषय शेवटच्या पानावर ढकलण्याची सवय मला मान्य नाही, म्हणून तो येथेच मांडतो, प्लेट उघडण्यापूर्वी. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनार एअरफ्लो या कपाटातील गाळलेली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. ती प्लेटला जपते, माणसाला नाही. बीजाणू धरलेल्या प्लेटा वर्ग २च्या जैवसुरक्षा कपाटातच उघडाव्यात, आणि ते नसेल तर बीजाणू धरण्यापूर्वीच, पांढऱ्या कडेवरून, बुरशी उचलावी व एन-९५ मुखपट्टी वापरावी. अस्परजिलस फ्लेव्हस पिवळसर हिरवी असते आणि तिचे अनेक वाण अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा कर्करोग करणारे विष तयार करतात. दमा असलेल्या, मधुमेह आटोक्यात नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या विद्यार्थ्याने हे काम करू नये, आणि त्याला तसे सांगण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची आहे.

शुद्ध करणे, ओळखणे, जपणे

वसाहतीच्या कडेचा एकच तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नव्या पीडीएवर न्यावा, आणि वसाहत सर्वत्र सारखी दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. यीस्ट असेल तर रेघा ओढून एकेक वसाहत वेगळी करावी. ओळखीसाठी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये स्लाइड करून बीजाणुधारी तंतू पाहावेत. ते न पाहता थेट डीएनए क्रम मागवण्याची घाई करू नये. डीएनएतील आयटीएस हा भाग २०१२ साली बुरशींसाठी प्रमाण खूण म्हणून सुचवला गेला, तो आयटीएस १ आणि आयटीएस ४ या प्रायमरांनी, म्हणजे तो भाग नकलून घेण्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, मिळतो. पण पेनिसिलियम, अस्परजिलस, फ्युजेरियम आणि आंब्यावर करपा आणणारी कोलेटोट्रायकम यांच्या जाती केवळ त्यावरून वेगळ्या सांगता येत नाहीत. पेनिसिलियमसाठी बीटा-ट्युब्युलिन आणि अस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन जनुकाचा क्रमही लागतो. तो नसेल तर अहवालात वंशाच्या नावापाशीच थांबावे. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डी. जयराम भट यांनी पश्चिम घाटातील बुरशींवर केलेले दीर्घ काम सूक्ष्मदर्शकावर आणि काळजीपूर्वक रेखाटनांवर उभे आहे, आणि बुरशी ओळखायला शिकणाऱ्याने ते अवश्य अभ्यासावे.

शुद्ध वाण मिळाला त्याच दिवशी तो तीन ठिकाणी ठेवावा : पीडीएच्या स्लँटवर ४ अंशांना, निर्जंतुक पाण्याच्या छोट्या बाटलीत अगरचे तुकडे घालून, आणि सोय असल्यास १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना. वारंवार नव्या प्लेटवर नेत राहिल्यास बुरशीची द्रव्ये करण्याची क्षमता कमी होत जाते, म्हणून प्रत्येक प्रयोग मूळ साठ्यापासून सुरू करावा.

द्रव्य बनवून घेणे

पहिली चाळणी समोरासमोर वाढवण्याची. प्लेटच्या एका बाजूला आपल्या बुरशीचा ५ मिलिमीटरचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला, उदाहरणार्थ, आंब्याच्या करप्याची बुरशी ठेवावी, आणि शेजारी करप्याची बुरशी एकटी असलेली प्लेट ठेवावी. एकटीची त्रिज्या ४० मिलिमीटर आणि समोरासमोरची २५ मिलिमीटर असेल तर रोध ३७.५ टक्के झाला. मात्र वेगाने वाढून जागा व्यापणारी बुरशीही आकडा मोठा दाखवते. दोघींच्या मधे स्पष्ट रिकामी पट्टी असेल तरच तेथे द्रव्य पाझरत असण्याची शक्यता धरावी.

एकच वाण माध्यम बदलले की वेगळी द्रव्ये देतो, म्हणून निवडलेला वाण निदान दोन प्रकारे वाढवावा. पहिला प्रकार बटाटा-डेक्स्ट्रोज द्रवाचा, न हलवता २१ दिवस किंवा मिनिटाला १२० ते १५० फेऱ्यांच्या शेकरवर १० ते १४ दिवस. दुसरा प्रकार तांदळाचा, आणि माझा कल त्याच्याकडे आहे, कारण तांदळावर बुरशींची द्रव्ये अनेकदा जास्त प्रमाणात व जास्त प्रकारची मिळतात. ५०० मिलिलिटरच्या शंकुपात्रात ५० ग्रॅम तांदूळ आणि तेवढेच पाणी घालून रात्रभर भिजू द्यावे, ऑटोक्लेव्ह करावे, बुरशी घालून २१ ते ३० दिवस ठेवावे. आपले उकडे तांदूळ शिजल्यावरही सुटे राहतात आणि दाण्यांमधून हवा खेळते, त्यामुळे ते या कामाला सोयीचे पडतात. कोणताही तांदूळ घेतला तरी सर्व पात्रांत एकाच पोत्यातला घ्यावा. प्रत्येक संचासोबत बुरशी न घातलेले एक पात्र त्याच दिवसांपर्यंत ठेवावे. ते पात्र नसेल तर पुढच्या कोणत्याही निकालाला अर्थ राहत नाही, कारण तांदळाची मेदाम्लेही अर्कात उतरतात आणि काही जिवाणूंना तीही रोखतात.

अर्क काढण्यासाठी इथाइल ॲसिटेट वापरावे. द्रव संवर्धन गाळून त्यात सम प्रमाणात इथाइल ॲसिटेट घालावे, विभाजक नरसाळ्यात हलवून वरचा थर घ्यावा व हे तीनदा करावे. तांदळाचे पात्र असेल तर दाणे फोडून इथाइल ॲसिटेटमध्ये रात्रभर भिजत ठेवून गाळावे. निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढून टाकावे आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना कमी दाबाखाली द्रावक उडवावा. इथाइल ॲसिटेट अत्यंत ज्वलनशील आहे. धुरांड्याच्या कपाटाबाहेर (फ्यूम हूडबाहेर) किंवा बर्नर पेटलेल्या खोलीत ते उघडू नये. उरलेल्या अर्काचे वजन करून तो डीएमएसओ किंवा मिथेनॉलमध्ये विरघळवावा. बुरशी न घातलेल्या पात्राचा अर्कही याच रीतीने, तेवढ्याच द्रावकात करावा.

खरा झोन, खोटा झोन

चाचणीसाठी रोगकारक जिवाणू घेण्याची हौस टाळावी. बॅसिलस सबटिलिस आणि इ. कोलायचा निरुपद्रवी के-१२ वाण शिकण्यासाठी पुरेसे आहेत. जिवाणूंचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाण मापाइतका करून म्युलर-हिंटन अगरवर पसरावा, ६ मिलिमीटरच्या कागदी चकतीवर अर्काचे २० मायक्रोलिटर टाकावेत, द्रावक पूर्ण उडू द्यावा, आणि ३७ अंशांना १८ ते २४ तासांनी झोन, म्हणजे चकतीभोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, मोजावा. अर्क मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असेल तर एका चकतीवर १ मिलिग्रॅम जातो, आणि हा आकडा निकालासोबत लिहावा. त्याच प्लेटवर नुसत्या द्रावकाची चकती, बुरशी न घातलेल्या पात्राच्या अर्काची चकती आणि माहितीच्या प्रतिजैविकाची चकती असलीच पाहिजे.

झोन दिसला की आनंद होणे स्वाभाविक आहे, पण त्याच दिवशी पुढील शंका फेडाव्यात. अस्परजिलस नायजरसारखी बुरशी आम्ले इतकी करते की द्रवाचा सामू खूप खाली जातो आणि जिवाणू केवळ आंबटपणाने थांबतात. म्हणून गाळलेल्या द्रवाचा सामू मोजावा, तो ७ वर आणून पुन्हा चाचणी घ्यावी, आणि दुसऱ्या चकतीवर मूळ द्रवाच्या सामूइतके आम्ल घातलेले कोरे माध्यम ठेवावे. मूळ द्रवाचा आणि या कोऱ्या माध्यमाचा झोन सारखा आला तर द्रव्य सापडले असे म्हणता येत नाही. झोनच्या व्यासावरून दोन अर्कांची ताकद तोलणेही चूक आहे, कारण मोठे किंवा पाण्यात कमी विरघळणारे रेणू अगरमधून सावकाश पसरतात आणि प्रबळ असूनही त्यांचा झोन लहान येतो. तुलना करायची तर ९६ खाचांच्या प्लेटमध्ये अर्क दुप्पट-दुप्पट विरळ करत जाऊन वाढ थांबवणारे किमान प्रमाण काढावे. त्यात डीएमएसओ शेवटी १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये. कच्चा अर्क मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली काम करत असेल तर पुढे जाण्यासारखा समजतात, आणि १ मिलिग्रॅमच्या वरच लागत असेल तर तो सोडून द्यावा. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद मोजणारी डीपीपीएचची चाचणी ५१७ नॅनोमीटरला सहज होते म्हणून जवळपास प्रत्येक प्रकल्पात दिसते, पण फिनॉल गटाचे कोणतेही द्रव्य तिच्यात उत्तीर्ण होते. तेवढ्यावरून शरीरातील उपयोगाबद्दल एक शब्दही लिहू नये.

अर्कात द्रव्ये अनेक असतात, त्यांतले कोणते काम करते ते पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने शोधता येते. सिलिका जेलच्या दोन सारख्या पट्ट्यांवर अर्काचा ठिपका लावून हेक्झेन व इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणात त्या चालवाव्यात. एका पट्टीवर २५४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ठिपके पाहून नंतर अनिसाल्डिहाइड व सल्फ्युरिक आम्लाचा फवारा मारून गरम करावे. दुसरी पट्टी द्रावक पूर्ण उडाल्यावर बॅसिलस मिसळलेल्या मऊ अगरच्या पातळ थराखाली रात्रभर ठेवून वर एमटीटीचे द्रावण शिंपडावे. जिवंत जिवाणूंनी थर जांभळा होतो, आणि जेथे द्रव्याने जिवाणू मेले तेथे फिकट ठिपका राहतो. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या की कामाचा ठिपका कोणता ते डोळ्यांनी दिसते. सबंध प्रकल्पातली ही सर्वांत समाधान देणारी पायरी आहे आणि तिला खर्चही फारसा येत नाही. मात्र ३६६ नॅनोमीटरला निळी किंवा हिरवी चमक दिसली तर अफ्लाटॉक्सिन किंवा ऑक्राटॉक्सिनची, आणि पिवळी चमक दिसली तर सिट्रिनिनची शंका घेऊन प्रमाण द्रव्याशी ताडून पाहावे. तोवर तो अर्क विष समजूनच हाताळावा.

यापुढे द्रव्य नवे आहे की जुनेच पुन्हा हाती आले, हे एलसी-एमएसने, म्हणजे द्रव्ये वेगळी करून त्यांचा रेणुभार मोजणाऱ्या यंत्राने, ठरते. पॅट्युलिनचे रेणुभार १५४, सिट्रिनिनचे २५०, अफ्लाटॉक्सिन बी-१चे ३१२ अशा परिचित आकड्यांशी आणि प्रसिद्ध माहितीसंग्रहांशी आधी जुळवणी करावी, मगच स्तंभावर शुद्धीकरणाला आणि रेणूची रचना सांगणाऱ्या एनएमआर तंत्राला हात घालावा. बहुतेक वेळा जुनेच द्रव्य निघते. तरीही गोव्यातल्या भिरंडाच्या सालीवर अमुक बुरशी राहते आणि ती हे द्रव्य करते, ही नोंद नीट केलेली असेल तर ती उपयोगाचीच आहे.

काम झाल्यावर प्लेटा, पिशव्या आणि तांदूळ १२१ अंशांना किमान ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच टाकावेत. द्रावकांचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवावा, तो मोरीत ओतू नये. ऑटोक्लेव्हने बुरशी मरते, पण अफ्लाटॉक्सिनसारखी विषे पुष्कळशी उरतात, म्हणून संशयित पात्रे ऑटोक्लेव्ह झाल्यावर हायपोक्लोराइटमध्ये बुडवून मुरू द्यावीत आणि त्यातला तांदूळ गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या वाट्याला कधीही जाऊ देऊ नये.

ज्या वाणाबद्दल काही प्रसिद्ध करायचे आहे तो पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक घ्यावा. जैवविविधता कायदा २००२ सालचा असून २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आहे. व्यापारी उपयोगाचा विचार सुरू होताच गोवा राज्य जैवविविधता मंडळाशी, आणि पेटंट घेण्यापूर्वी किंवा परदेशी संस्थेला वाण देण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी लेखी संपर्क साधावा. संग्रहात पाठवताना वाणासोबत फळ, झाड, गाव, तारीख, फवारणीची माहिती आणि माध्यम यांची पूर्ण नोंद जोडावी, आणि ज्यांच्या बागेतून फळ घेतले त्यांना निकालाची एक प्रत मराठीत किंवा कोंकणीत द्यावी.